स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि काखेतल्या ग्रंथी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात बहुतेक प्रश्न स्तनाबद्दल निघतात. स्तन राहणार की काढणार, केस जाणार का, किती दिवस दवाखान्यात राहावं लागेल. काखेबद्दल फारसं कोणी विचारत नाही. पण पुढची औषधं कोणती आणि तो हात पुढे कसा चालेल, यातलं बरंच काही काखेत काय सापडतं आणि तिथून किती काढलं जातं यावर ठरतं. म्हणून हे प्रश्न ऑपरेशनच्या आधीच वाचून ठेवावेत.

गाठ स्तनात आहे, मग काखेत कापायचं कशाला?

स्तनातून लसिका नावाचा पातळ द्रव सतत बाहेर वाहत असतो. त्याचा बहुतेक भाग काखेतल्या ग्रंथींमधून गाळून पुढे जातो. गाठीतल्या कॅन्सरच्या पेशी सुटल्या तर बहुतेक वेळा त्या आधी इथेच अडकतात. त्यामुळे काखेत पेशी आहेत का, किती ग्रंथींमध्ये आहेत आणि किती मोठ्या भागात आहेत, हे कळलं की आजार किती पुढे गेला आहे याचा चांगला अंदाज येतो.

ग्रंथी काढल्याने आजार मुळापासून जातो अशी समजूत अजून पक्की आहे. आजच्या काळात काखेचं ऑपरेशन बहुतेक बायकांसाठी मुख्यतः तपासणी असते. पुढची सगळी उत्तरं याच मुद्द्यावर उभी आहेत.

काखेत गेला म्हणजे अंगभर पसरला का?

नाही. ओपीडीत सगळ्यात जास्त रडू याच गैरसमजातून येतं. काखेतल्या ग्रंथीत पेशी सापडणं म्हणजे चौथी स्टेज नव्हे. यकृत, फुप्फुस, हाडं, मेंदू अशा लांबच्या अवयवांत आजार पोचला की चौथी स्टेज म्हणतात. काखेतल्या एक-दोन ग्रंथींमध्ये आजार असलेल्या असंख्य बायका पूर्ण उपचार घेऊन वर्षानुवर्षं बऱ्या आहेत. उपचारांचा उद्देशही आजार बरा करणं हाच असतो.

सोनोग्राफी केली, पेट स्कॅनही केला. त्यात कळत नाही का?

मोठं असेल तर कळतं. ग्रंथीतला आजार एक-दोन मिलिमीटरचा असेल तर सोनोग्राफी, मॅमोग्राफी, एमआरआय, पेट यांपैकी कशातच तो खात्रीने दिसत नाही. "पेट स्वच्छ आहे" याचा अर्थ काखेत काहीच नाही असा होत नाही.

याच्या उलटही घडतं. पायाला काटा लागला की जांघेत अवधाण येतं, तशीच काखेतली ग्रंथी हाताची जखम, बायोप्सीची सुई किंवा दंडावर घेतलेली लस अशा साध्या कारणानेही सुजते. कोविडच्या लसीनंतर तर पुष्कळ बायकांच्या मॅमोग्राफीत अशा सुजलेल्या ग्रंथी दिसल्या होत्या. म्हणून ग्रंथी हाताला लागली किंवा सोनोग्राफीत संशयास्पद दिसली, तर आधी सुई घालून तिचा नमुना तपासला पाहिजे. नुसतं हाताला लागतंय म्हणून सगळी काख साफ करायचं, म्हणजे काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढायचं ठरत असेल, तर "सुईची तपासणी झाली का?" हे जरूर विचारा.

सेंटिनेल नोड बायोप्सी म्हणजे नेमकं काय करतात?

काखेत साधारण वीस ते तीस ग्रंथी असतात, पण स्तनातला द्रव त्या सगळ्यांत एकदम शिरत नाही. आधी एक-दोन-तीन ठरावीक ग्रंथींत येतो आणि मग पुढे जातो. गावात शिरणारी प्रत्येक गाडी आधी नाक्यावर थांबते, तसंच हे. या पहिल्या ग्रंथींना सेंटिनेल नोड म्हणतात. त्या स्वच्छ निघाल्या तर मागच्याही स्वच्छ असण्याची शक्यता खूप जास्त, म्हणून मागच्यांना हात लावत नाहीत.

त्या ओळखण्यासाठी निळं औषध, टेक्नेशियम हा सौम्य किरणोत्सर्गी पदार्थ किंवा दोन्ही, स्तनात टोचतात, बहुतेकदा बोंडाजवळच्या काळसर भागात. टेक्नेशियम ऑपरेशनच्या काही तास आधी किंवा आदल्या दिवशी देतात. निळं औषध भूल दिल्यावर टोचतात आणि स्तन पाचेक मिनिटं चोळतात. मग काखेत छोटा छेद घेतात. पिवळ्या चरबीत दोऱ्याएवढी बारीक निळी नळी दिसते. सर्जन ती न तोडता तिच्या मागोमाग जातो, तिच्या टोकाला घेवड्याच्या दाण्याएवढी निळसर ग्रंथी मिळते. टेक्नेशियम दिलेलं असेल तर पेनासारखा गॅमा प्रोब काखेवर फिरवतात, ग्रंथी जवळ आली की त्याचा आवाज वाढत जातो. शेवटी बोटाने चाचपूनही पाहतात, कारण आजाराने पूर्ण भरलेल्या ग्रंथीत रंग शिरतच नाही.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये ही पद्धत अमेरिकेत डेव्हिड क्रॅग यांनी १९९३ साली किरणोत्सर्गी पदार्थ वापरून आणि आर्मांडो ज्युलियानो यांनी १९९४ साली निळा रंग वापरून मांडली. नंतर 'बी-३२' नावाच्या मोठ्या चाचणीत ५,६११ बायकांचा अभ्यास झाला. सेंटिनेल ग्रंथी स्वच्छ असताना बाकीच्या काढल्या काय किंवा राहू दिल्या काय, जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले.

ते निळं आणि किरणोत्सर्गी औषध घातक नाही ना?

टेक्नेशियमचा डोस अगदी कमी असतो आणि त्याची ताकद दर सहा तासांनी निम्मी होते. घरात लहान मूल आहे म्हणून वेगळं राहायची गरज नाही. निळ्या औषधाने एक-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होते आणि स्तनाच्या कातडीवर निळा डाग काही आठवडे, कधी काही महिने राहतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर बाई बाथरूममध्ये घाबरते, म्हणून मुद्दाम लिहिलं. क्वचित कोणाला या रंगाची जोरात ॲलर्जी येते. भूलतज्ज्ञ त्या तयारीत असतात, तरी आधीच्या ॲलर्जी त्यांना नक्की सांगा. गरोदर असाल तर ऑपरेशन ठरतानाच सांगा. गरोदरपणात मेथिलीन ब्लू हे निळं औषध टाळतात.

आमच्या शहरातल्या हॉस्पिटलात गॅमा प्रोब नाही. मग मुंबईलाच जावं लागेल का?

तसं नाही. टेक्नेशियम देणारा न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे, त्यामुळे यावर आपल्याच देशात चांगलं काम झालं आहे. दिल्लीच्या एम्समध्ये फ्लुओरेसीन आणि मेथिलीन ब्लू ही रंगांची स्वस्त जोडी अभ्यासली गेली. फ्लुओरेसीन निळ्या दिव्याखाली चमकतं, त्यामुळे महागडं यंत्र लागत नाही. इंडोसायनिन ग्रीन हा आणखी एक पर्याय, पण त्याला खास कॅमेरा लागतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 'लो ॲक्झिलरी सॅम्पलिंग' नावाची पद्धत बारकाईने तपासली गेली. दंडाच्या आतल्या बाजूला संवेदना देणारी एक नस काखेतून आडवी जाते. तिच्या खालची चरबी आणि त्यातल्या ग्रंथी एकत्र काढून तपासायच्या, अशी ती पद्धत. रंग नको, प्रोब नको, काखेची रचना नीट माहीत असलेला सर्जन हवा. तिची अचूकता सेंटिनेल पद्धतीच्या तोडीची निघाली. माझ्या मते लहान शहरांतल्या बायकांच्या दृष्टीने हे संशोधन फार मोलाचं आहे. यंत्र नाही म्हणून थेट सगळी काख साफ करायची, याला आता फारसा आधार उरलेला नाही.

ऑपरेशन चालू असतानाच तपासणी होते म्हणतात. ती कशी?

तिला फ्रोझन सेक्शन म्हणतात. काढलेली ग्रंथी लगेच पॅथॉलॉजिस्टकडे जाते. तिथे ती उणे वीस अंशांच्या आसपास गोठवतात, पातळ काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. वीस ते चाळीस मिनिटांत थिएटरमध्ये फोन येतो. तुम्ही भुलेत असता, बाहेर घरचे घड्याळाकडे बघत असतात. ऑपरेशन लांबलं म्हणजे काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटतं, पण बरेचदा सगळे या फोनचीच वाट बघत असतात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा.

आता काही ठिकाणी फ्रोझन मुद्दाम करत नाहीत. एखाद-दुसरी ग्रंथी पॉझिटिव्ह आली, म्हणजे तिच्यात आजार सापडला, तरी लगेच काही जास्त काढायचं नसेल, तर घाई कशाला, असा त्यामागचा विचार आहे आणि तो बरोबर आहे.

फ्रोझन निगेटिव्ह होतं, आठ दिवसांनी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. चूक झाली का?

बहुतेक वेळा नाही. फ्रोझनमध्ये ग्रंथीचे थोडेच काप बघता येतात आणि गोठवलेल्या पेशी तितक्या स्पष्ट दिसत नाहीत. नंतर तीच ग्रंथी मेणात बसवून जास्त काप बघतात, तेव्हा एखादा बारीक ठिपका सापडतो. असं झालं तर लगेच पुन्हा थिएटरमध्ये जायचं, असा अर्थ काढू नका. पुढचा प्रश्न वाचा.

एक-दोन ग्रंथींत सापडलं. आता सगळ्या काढायच्या ना?

बऱ्याच जणींना गरज नसते. याचं उत्तर गेल्या पंधरा वर्षांत पार बदललं आहे आणि जुन्या माहितीवरच निर्णय झाला तर हातावर आयुष्यभराचा भार येतो, म्हणून इथे थोडं सविस्तर.

'झेड-००११' नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीत स्तन राखून ऑपरेशन केलेल्या आणि एक-दोन सेंटिनेल ग्रंथींत आजार असलेल्या बायका होत्या. निम्म्यांच्या बाकी ग्रंथी काढल्या, निम्म्यांच्या तशाच ठेवल्या. ज्यांच्या काढल्या त्यांतल्या साधारण २७ टक्के जणींच्या उरलेल्या ग्रंथींत आणखी आजार सापडला. म्हणजे दुसऱ्या गटातही तो तेवढ्याच जणींत राहिला असणार. तरीही दहा वर्षांनी ग्रंथी न काढलेल्या गटात ८६.३ टक्के आणि काढलेल्या गटात ८३.६ टक्के बायका हयात होत्या. ग्रंथी राखल्याने नुकसान झालं नाही. उरलेला आजार रेडिएशन आणि औषधांनी आटोक्यात राहिला.

युरोपातल्या 'अमारोस' चाचणीत काख साफ करण्याऐवजी काखेला रेडिएशन दिलं. आजार तितकाच आटोक्यात राहिला आणि पाच वर्षांनी हाताला सूज असलेल्यांचं प्रमाण ऑपरेशनच्या गटात २३ टक्के, तर रेडिएशनच्या गटात ११ टक्के होतं.

'सेनोमॅक' या अडीच हजारांहून जास्त बायकांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली आले. यात पूर्ण स्तन काढलेल्या बायकाही होत्या. आपल्याकडे अजून पुष्कळ जणींचा पूर्ण स्तन काढला जातो, त्यामुळे ही चाचणी आपल्याला जास्त लागू पडते. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ग्रंथी राखलेल्यांत ८९.७ आणि काढलेल्यांत ८८.७ टक्के होतं. एक अट मात्र विसरू नका. यातल्या बहुतेक जणींना काखेच्या भागाला रेडिएशन मिळालं होतं. ग्रंथी राखायच्या आणि रेडिएशनही अर्धवट सोडायचं, असं चालणार नाही. रेडिएशनचं केंद्र गावापासून लांब असेल आणि रोजचं येणं-जाणं जमणार नसेल, तर ते सर्जनला ऑपरेशनच्या आधी सांगा, नंतर नको.

सुईच्या तपासणीत आजार आधीच सिद्ध झालेल्या आणि मोठ्या झालेल्या ग्रंथी, एकमेकींना चिकटलेल्या ग्रंथी, तीन किंवा जास्त पॉझिटिव्ह सेंटिनेल ग्रंथी, अशा वेळी पूर्ण काख साफ करण्याचा सल्ला आजही दिला जातो. आपल्याकडे उशिरा येणाऱ्या बायका अनेक, त्यामुळे हे ऑपरेशन अजून पुष्कळ होतं आणि तिथे ते योग्यच असतं.

"डॉक्टर, विषाची परीक्षा नको, सगळंच काढून टाका." असं म्हटलं तर?

ही भीती मनापासूनची असते, त्यामुळे तिचं उत्तरही नीट द्यायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॅल्स्टेड या सर्जनने स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी सगळं काढायची पद्धत रूढ केली. पाऊण शतकाहून जास्त काळ जगभर तेच चाललं. मग १९७१ साली 'बी-०४' चाचणी सुरू झाली. पंचवीस वर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं, की काख आधीच साफ केलेल्या बायका जास्त जगल्या नाहीत. जास्त कापलं म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत तिथेच मोडली. घरच्यांच्या आग्रहाखातर काख साफ करणं मला पटत नाही. आग्रह करणारे महिनाभराने आपापल्या कामाला लागतात, सुजलेला हात त्या बाईलाच सांभाळावा लागतो.

माझी केमो ऑपरेशनच्या आधी झाली. मग काय तपासणार?

केमोने काखेतला आजार किती विरघळला ते तपासतात आणि ही माहिती फार उपयोगी असते. सुरुवातीला एखादी ग्रंथी पॉझिटिव्ह असेल तर केमोच्या आधी तिच्यात बारीक धातूची क्लिप बसवून घेणं उत्तम. केमोनंतर ग्रंथी आक्रसते आणि नेमकी कोणती होती तेच कळत नाही. क्लिप असेल तर ती ग्रंथी सेंटिनेल ग्रंथींबरोबर काढता येते. क्लिप नसेल तर निळं आणि किरणोत्सर्गी अशी दोन्ही औषधं वापरून निदान तीन ग्रंथी मिळवाव्यात, म्हणजे आजार नजरेतून सुटण्याचा धोका कमी होतो. केमोनंतरही ग्रंथींत आजार शिल्लक असेल, तर सहसा काख साफ करतात आणि नंतरची औषधंही बदलतात. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनवरची किंवा हर-टू नावाच्या प्रथिनावरची औषधं लागू न पडणाऱ्या प्रकारात कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देतात, ते याच कारणासाठी.

रिपोर्टवर ०/३, २/१४ असं लिहिलंय. कसं वाचायचं?

रेषेखाली एकूण तपासलेल्या ग्रंथी, रेषेवर आजार असलेल्या. ०/३ म्हणजे तीन तपासल्या, तिन्ही स्वच्छ. त्यापुढे ठिपक्याचं माप असतं. २ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर मॅक्रोमेटास्टॅसिस, ०.२ ते २ मिलिमीटर असेल तर मायक्रोमेटास्टॅसिस. त्याहून लहान म्हणजे सुट्या पेशी, त्यांना पॉझिटिव्ह ग्रंथी म्हणून धरत नाहीत. मात्र केमो आधी झाली असेल तर सुट्या पेशींनाही महत्त्व असतं. १४ पेक्षा ३ ग्रंथी काढल्या म्हणजे काम कमी केलं, असं समजू नका. सेंटिनेल बायोप्सीत मोजक्याच ग्रंथी निघायला हव्यात.

या आकड्यांवरून उपचार कसे बदलतात?

चार किंवा जास्त ग्रंथींत आजार असेल तर रेडिएशन जवळपास ठरलेलं, स्तन पूर्ण काढलेला असला तरी. एक ते तीन असतील तर बऱ्याच जणींना देतात, पण तिथे वय, ग्रेड (म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात), गाठीचा आकार सगळं बघून ठरवतात.

हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणाऱ्या), हर-टू निगेटिव्ह (ते प्रथिन जास्त नसलेल्या) प्रकारात पाळी गेलेल्या आणि एक ते तीन ग्रंथी पॉझिटिव्ह असलेल्या बायकांपैकी काही जणी गाठीच्या जनुकीय चाचणीच्या आधारे केमो टाळू शकतात. पाळी चालू असलेल्यांना तशी सूट सहसा मिळत नाही. कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणाऱ्या ॲबेमासिक्लिबसारख्या गोळ्या द्यायच्या का, यातही ग्रंथींची संख्या बघतात. हर-टू पॉझिटिव्ह लहान गाठ आणि स्वच्छ काख असेल तर हलकी केमो पुरते.

काख न तपासताच भागेल असं कोणाला असतं का?

असतं. इटलीतून चालवलेल्या 'साउंड' चाचणीत गाठ २ सेंटिमीटरपर्यंतची आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असलेल्या बायका होत्या. पाच वर्षांनी लांबच्या अवयवांत आजार न गेलेल्यांचं प्रमाण सेंटिनेल केलेल्यांत ९७.७ आणि न केलेल्यांत ९८ टक्के निघालं. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या 'इन्सेमा' चाचणीनेही तेच दाखवलं. २०२५ साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या 'ॲस्को' या संघटनेने पाळी गेलेल्या, पन्नाशीपुढच्या, लहान, कमी ग्रेडच्या, हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह गाठीच्या, स्तन राखून उपचार घेणाऱ्या निवडक बायकांत ही तपासणी टाळता येते असं मान्य केलं. यात काखेची सोनोग्राफी सराईत हाताने झालेली असणं फार महत्त्वाचं.

डीसीआयएस या अगदी सुरुवातीच्या प्रकारात स्तन राखणार असतील तर काखेला सहसा हात लावत नाहीत. पूर्ण स्तन काढणार असतील तर मात्र सेंटिनेल त्याच वेळी करून घेतात, कारण स्तन गेल्यावर रंग टोचायला जागाच उरत नाही.

हात सुजेल का?

पूर्ण काख साफ केल्यावर साधारण पाचात एकीला, सेंटिनेल बायोप्सीनंतर वीसात एकीला लिम्फिडीमा, म्हणजे लसिका साचून हाताला येणारी सूज होते. काखेला रेडिएशन मिळालं किंवा वजन जास्त असेल तर शक्यता वाढते. सूज काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. पहिली खूण बहुधा बांगड्यांवरून कळते. एका हातातल्या घट्ट होतात, किंवा ब्लाउजची एकच बाही दंडाला रुतते. तेव्हाच फिजिओथेरपिस्टकडे गेलं तर सूज आटोक्यात राहते. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग असतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहू शकतो. काखेतून कोपरापर्यंत दोरीसारखी ताणलेली शीर लागली तर घाबरू नका, व्यायामाने ती सुटते.

भाकरी थापणं, पाणी भरणं, शेतातली कामं कधी?

हलका व्यायाम दुसऱ्या दिवसापासून: भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं, केस विंचरणं. काखेत साचणारं पाणी बाहेर काढायला ठेवलेली नळी काढल्यावर आणि टाके भरल्यावर हळूहळू सगळी कामं करता येतात. "या हाताने आयुष्यभर काही उचलायचं नाही" हा सल्ला जुना झाला. बेताबेताने वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढत नाही, हे अभ्यासांत दिसलं आहे. खुरपणी, भांडी, शेण-माती यांत हातमोजे घाला आणि कापलं-खरचटलं तर लगेच धुऊन औषध लावा. काख पूर्ण साफ केलेल्यांनी इंजेक्शन आणि बीपीसाठी शक्यतो दुसरा हात पुढे करावा. फक्त सेंटिनेल झालेल्यांनी याची फार धास्ती घेऊ नये.

खर्च योजनेतून होतो का?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि रेडिएशन आहेत. फ्रोझन आणि रंगाचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, हे भरती होण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आईला कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही. काखेचं तिला कसं सांगायचं?

सांगा. हात तिचा आहे, व्यायाम तिला करायचे आहेत, सूज पहिल्यांदा तिलाच जाणवणार आहे. निळी लघवी, बधिर दंड, काखेतली नळी याचं खरं कारण माहीत नसेल तर ती मनात याहून वाईट काहीतरी धरून बसते. मुलांना अवघड जात असेल तर सर्जनला किंवा समुपदेशकाला सांगू द्या, तुम्ही शेजारी बसा.

ऑपरेशनच्या आधी सर्जनला काय विचारू?

माझ्या काखेची सोनोग्राफी झाली का आणि संशयास्पद ग्रंथीतून सुईने नमुना घेतला का? सेंटिनेल करणार, सॅम्पलिंग करणार की सगळी काख साफ करणार, आणि का? एक-दोन ग्रंथी पॉझिटिव्ह आल्या तर पुढे काय करणार? केमो आधी देणार असाल तर क्लिप बसवणार का? संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यावर काखेबद्दल नेमकं काय लिहिलंय ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.